तिसरं लिंबू

चार लोकांसमोर माझा आवाज फुटत नाही. मागच्या तोंडी परीक्षेत मी नुसतीच उभी राहिले होते. म्हणून यंदा केमिस्ट्रीच्या मॅडमनी आधीच बजावलं, "बेटा, इस बार चुप रही तो ज़ीरो।"

मग विचारलं, "फॉस्फोरिक ॲसिड तीन प्रोटॉन दे सकता है, तो तीनों एक साथ क्यों नहीं देता?"

पुस्तकातलं उत्तर बाजूलाच राहिलं आणि तोंडातून भलतंच निघालं, "मॅडम, वो मेरी आई जैसा है।"

आता सांगणं भागच होतं. आमच्या क्वार्टरच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. शेजारच्या काकू आल्या की आई पहिलं लिंबू हसून देते. दुसरं देताना "लोणच्याले पाहिजे होते" म्हणते. जितकं देऊन होतं, तितकी उरलेल्यावरची पकड घट्ट होते. तिसरं तर आजीनं डोळे वटारल्याशिवाय सुटतच नाही.

"और आजी?"

"स्ट्राँग बेस, मॅडम."

मॅडम हसत सुटल्या. मला पूर्ण मार्क मिळाले.

मॅडम कॉलनीत आमच्या पुढच्याच स्ट्रीटवर राहतात. संध्याकाळी त्या घरी आल्या, आईला सगळं सांगितलं आणि वर एक लिंबूही मागितलं.

आई माझ्याकडे वळली. "कावून वं, शाळेत मले कंजूस म्हणून राहिली?"

तिनं तीन लिंबं तोडली आणि एकदमच मॅडमच्या हातात ठेवली. आजी घरात नव्हतीसुद्धा.

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अब तो तेरे नंबर काटने पड़ेंगे।"