मास्तर थांबलेत

टॅला या उपनगराकडे जाणाऱ्या परदेशी ट्रॅममध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी स्वरूपाने मोबाइल खाली ठेवला. एक आजी आणि त्यांचा मुलगा डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी परतत होते.

“आशू, ज्ञानदाला शाळेतनं काढून कॉम्प्युटरवर तिला जमंल तसं शिकू देता, म्हणून तुला किती बोलले व्हते मी!”

“मग आता काय झालं?”

“आता त्याच नातीनं मला बी मराठीतले मास्तर लावून दिलेत. अपूर्णांक शिकवत्यात.”

“तुला? ग्रँड!”

“पहिल्या दिवशी भात करपला. वास येत व्हता, पर मास्तर बोलत असताना उठायचं कसं?”

“अगं, पॉज करायचं ना!”

“पोरगी बी तेच म्हनली. बोट लावलं, आन् मास्तर थांबले की रे! हातात खडू, तोंड उघडं. मी दुसरा भात लावला, जेवले, भांडी घासली. तरी तिथंच!”

“व्हिडिओच आहे तो, आई.”

“असू दे. चौथीत असताना धाकटा भाऊ झाला, म्हणून मी दोन महिने घरी ऱ्हायले. परत गेले, तर वर्ग अपूर्णांकावर पोचला व्हता. माझ्यासाठी कोन थांबतंय? मग मी शाळाच सोडली.”



“आता कुठवर आलीस?”

“छेद सारखा करायपर्यंत. सकाळी तू घाई केलीस, म्हणून मास्तरांना तसंच ठेवून आले. असतील ना रे अजून?”

“असतील, आई. तू जाईपर्यंत हलायचे नाहीत.”