वीतभर बर्फ

हॅलो?… हो, हेडविगच. ड्रिलच्या खंदकातून. अख्ख्या ग्रीनलंडच्या बर्फावर हा फोन दुसरं कोण उचलणार?… बोल, त्रोएल्स… नाही, सुटलं नाही अजून… अडकलंय म्हणजे अडकलंय. संचालकांसाठी त्याला वेगळा शब्द नाही.

हो… हो… अरे, ऐक ना. ड्रिल अडीच किलोमीटर खाली गोठून बसलंय. सकाळी बोअरमध्ये ग्लायकॉलचे गोळे सोडलेत. ते खाली जाऊन भोवतीचा बर्फ सैल करतील. तोवर तार ताणून धरायची आणि वाट बघायची… बस्स, एवढंच.

जोरात ओढू?

त्रोएल्स, तुला मीच शिकवलं ना? मग हा प्रश्न माझ्याच अपयशात जमा करते… आठवण करून देऊ? तार तुटली की ड्रिल कायमचं खाली, बोअर कायमचं बंद, आणि आठ उन्हाळ्यांचं काम मातीत. अरे, मातीतही नाही, मातीपासून हातभर अलीकडे! लाखभर वर्षं तो तळाचा बर्फ शांत पडून आहे. त्यानं मंत्र्यांच्या जेवणाआधी वर यावं, हा हट्ट कुणाचा?

येऊ देत की मंत्री उद्या. राईचा पाव आहे, हेरिंग आहे… फोटोला बर्फ नसेल तर मला उभं करा. मीही पुरेशी थंड आहे.

…ती नुका हसली. काट्यावर डोळा लावून बसलीय, गळ्यात टाय… अरे, शनिवार आहे! शनिवारी छावणीत टायशिवाय जेवण नाही. संचालक झालास आणि तेही विसरलास? संकट आलं म्हणून काय गळा उघडा ठेवायचा?

थांब. काटा… नाही. तिथंच आहे… कसला काटा म्हणजे? तारेवरच्या ओढीचा. लाल खुणेपर्यंत उतरून थांबला तर ड्रिल सुटलं, शून्यावर गेला तर तार तुटली. हेही शिकवलं होतं.

काय?… अहवालात काय लिहू?… येप्पेची चूक?

हं. चूक त्याचीच आहे. तळाजवळ जमिनीची ऊब लागते, चुरा ओला होतो आणि लगेच गोठतो. म्हणून तिथं एका वेळी वीतभरच कापायचं. येप्पेनं दोन हात कापलं. इतकी वर्षं रहाटावर आहे, कधी बोटभर जास्त घेतलं नाही. म्हणून विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, ‘वरून सांगितलं.’

आमच्या वर इथं फक्त आभाळ आहे, त्रोएल्स.

काल फोन केला होतास त्याला?… हॅलो?… आता ऐकू येईना? मंत्र्यांचं विमान कधी उतरणार, ते आत्ता अगदी स्वच्छ ऐकवत होतास… लाइन खराब? बरं. मग सावकाश बोलते. दोन लेकरांचा बाप आहे तो, आणि त्याची नेमणूक तुझ्या सहीवर आहे. म्हणून मला सोडून तू त्याला—

एक मिनिट. काय रे, येप्पे?… हातात काय आहे? संदेश? वाच. मोठ्यानं वाच.

‘हेडविग माझ्याशी बोलतेय. तेवढ्यात ओढून घे.’

…

नाही, मी ओरडत नाहीये. वाक्य नेटकं आहे, एवढंच म्हणते. तुमचे शोधनिबंध इतके नेटके कधी नव्हते… येप्पे, ओढलंस?… ऐकलंत, संचालकसाहेब? नाही म्हणतोय. टाय वाकडा झालाय त्याचा, पण मान ताठ आहे.

हां, नुका?… काय? उतरतोय?… कुणी हात लावू नका! कुणीही!… गप्प बसा हो तुम्ही!… नुका, कुठं आलाय? बोल ना गं… अजून?… लाल खूण?… थांबला? नीट बघ. डोळे पूस आणि पुन्हा बघ…

थांबलाय.

येप्पे, रहाट फिरव. हळू… झोपलेलं मूल उचलतात ना, तसं. हां… असंच.

काय म्हणालात?… हॅलो?… सुटलं की तुटलं?… काय विचारताय, काही कळत नाही, संचालकसाहेब. फार खरखर आहे… हो ना, लाइनच खराब. ठेवते.