जावयाची पंक्चर गाडी

हे ऐकलं तर आमचे हे रुसतील, पण सांगतेच. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं माझ्या माहेरी, जनवाड्याला निघालो होतो, आणि गाव जवळ आलेलं असताना टायर पंक्चर झालं. स्टेपनी नव्हती. लाडू-करंज्यांच्या टोपल्या डिकीत मावेनात, म्हणून सासूबाईंनी ती घरीच काढून ठेवायला लावली होती.

"अहो, बाळूला फोन करू?" मी विचारलं. बाळू माझा धाकटा भाऊ.

"येडी झालीस का? जावई पैल्यांदा यायलाय, आन् मेव्हण्याला म्हणू, चाक घेऊन ये? जलमभर हसतील मला!"

हे पंक्चरवाला शोधायला पायी निघाले. वळणाआड गेल्यावर मी बाळूला फोन केला. माहेरची गाडी आमच्या गाडीसारखीच होती, तिचं चाक बसलं असतं. "मी बोलावलं म्हणू नको," एवढंच सांगितलं.

हे घामाघूम होऊन हात हलवत परत आले, तोवर बाळू मोटारसायकलवर हजर. मागं दोरीनं बांधलेलं चाक.

"दाजी! हितं कामून थांबलाव?"

"तू कुठं निघालास?"

"शेतात."

"चाक घेऊन?"

"व्हय की. लागतंय कधी कधी."

यांनी चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी शेजारच्या रानातली तूर बघत होते.

"नशीब लागतं माणसाला," हे म्हणाले आणि चाक सोडवू लागले.

दारात आई भाकरतुकडा घेऊन उभीच होती. तो ओवाळून टाकत तिनं जावयाला मायेनं विचारलं, "चाक नीट बसलं नव्हं?"

हे सावकाश माझ्याकडं वळले. मी नव्या नवरीसारखी मान खाली घातली.