कोपऱ्यात ग्राउट भरत नाहीत

कार्मेन : अहो क्लेम, पाय नका ठेवू फरशीवर! दारातूनच बघा. टाइल्स बसवून झाल्या, आता सांधे तेवढे भरायचे राहिलेत आणि तुमचा रंग काही ठरत नाही. मुलगी पसंत करायलासुद्धा माणसं एवढे आढेवेढे घेत नाहीत.

क्लेम : घाई कसली? केटली ठेवलीय. चहा घेऊन ठरवू.

कार्मेन : सकाळपासून चहाच चाललाय. घरी स्ट्रॉनला जाताना मला वाटेत झाडी शोधावी लागते.

क्लेम : मग माझं बाथरूम लवकर पुरं कर ना!

कार्मेन : तुम्ही सांध्यांत भरायचं ग्राउट सांगा, मी पुरं करते.

क्लेम : बरं. हा पांढरा कसला, परत सांग.

कार्मेन : सिमेंटचा. दिसायला गोड, पण पाणी पितो. तुमचा टब काढलाय, आता सगळं पाणी जमिनीवरच पडणार. त्यात या झीहान गावचा पाऊस. सांधे वाळायचेच नाहीत. बघता बघता काळे पडतील.

क्लेम : आणि हा राखाडी?

कार्मेन : इपॉक्सी. दोन डब्यांतलं एकत्र कालवायचं आणि पटापट भरायचं, नाहीतर हातात दगड. भरताना माझा जीव निघतो, पण एकदा बसला की बसला. पाणी पीत नाही, बुरशी धरत नाही. मग त्याच्याकडे कोणी बघायलाच नको.

क्लेम : कोणीच नको?

कार्मेन : कोणीच. वर्षानुवर्षं कोणाला या दाराकडे फिरकायची गरज नाही.

क्लेम : हं. आणि पांढऱ्याला?

कार्मेन : त्याचे नखरे असतात. दरवर्षी घासायचा आणि वरून पाणी अडवणाऱ्या सीलरचा हात मारायचा.

क्लेम : कोण मारतं ते?

कार्मेन : कोण मारणार? मीच. तुम्ही गुडघ्यांवर बसलात तर उठवायला क्रेन आणावी लागेल.

क्लेम : मग पांढरा भर.

कार्मेन : अहो! मघापासून मी काय भिंतीशी बोलतेय?

क्लेम : ऐकलं सगळं. पांढराच भर. आमच्या बेरिलला पांढरा आवडायचा.

कार्मेन : काल म्हणालात, बेरिलला हिरवा आवडायचा. त्याआधी तपकिरी.

क्लेम : तिला काहीही आवडायचं. माझ्याशी लग्न केलं, यावरून ओळख.

कार्मेन : हसवू नका. शुक्रवारी ती वृद्धसेवेची बाई घर तपासायला येणार ना? तिनं बाथरूम चांगलं म्हटलं तरच तुम्ही या घरात, नाहीतर तुमची लेक जिल तुम्हाला उचलून बर्नीच्या वृद्धाश्रमात ठेवणार. तुम्हीच सांगितलंत. सांध्यांत शेवाळ धरलं की परत आडवे व्हाल. मागचं विसरलात?

क्लेम : विसरेन कसा? टबातून पाय बाहेर काढला आणि गेलो. दिवस मावळला, उजाडलं, तरी तिथंच पडून. हाका मारून घसा बसला. ऐकणार कोण? खाण बंद पडल्यापासून शेजारची दोन्ही घरं रिकामी.

कार्मेन : मग जिलनं फोन केला असेल.

क्लेम : जिल रविवारी करते. तेव्हा आठवडा मध्यावर होता. विजेचं मीटर बघायला माणूस आला, त्यानं ऐकलं. भला माणूस. आत येताना दारात बूट काढले त्यानं. मी तिथं नागडा पडलोय, आणि हा बूट काढतोय.

कार्मेन : नशीब तुमचं.

क्लेम : गेल्या महिन्यात नवं मीटर बसवून गेले. आता म्हणे लांबूनच कळतं. तो यायचा बंद झाला.

(स्वयंपाकघरात केटली शिट्टी मारत राहते. कोणीच उठत नाही.)

कार्मेन : म्हणून पांढरा होय.

क्लेम : टपाल फाटकावरच्या पेटीत पडतं. छपराचे पत्रे नवे टाकले, तेही न गंजणारे. ज्याला त्याला कोणी बघायला नको अशी वस्तू हवी. मला एक तरी अशी हवीय, जिच्यासाठी कोणाला तरी यावंच लागेल. फार एकटं वाटतं गं पोरी. घे, बोललो एकदाचं.

कार्मेन : आणि मी वर्षातून एकदा येऊन काय उजेड पाडणार? नेमके त्याच दिवशी पडाल का?

क्लेम : कोणीच नाही त्यापेक्षा बरं.

कार्मेन : मी राखाडी भरतेय. तुम्ही खुशाल शिव्या द्या.

क्लेम : भर बाई. म्हणजे आज संपलंच काम.

कार्मेन : आज कुठलं? उद्या कोपरे आहेत.

क्लेम : त्यांतही हाच भरून टाक. आहे काय त्यात?

कार्मेन : कोपऱ्यात ग्राउट भरत नाहीत. भिंत जमिनीला मिळते तिथं फट ठेवायची आणि रबरासारखं सिलिकॉन घालायचं. घर हलत असतं, क्लेम. कडक काही भरलं की तडकतं.

क्लेम : ते सिलिकॉन किती टिकतं?

कार्मेन : चांगल्या घरात पाच-सात वर्षं.

क्लेम : तोवर मीच सुटेन.

कार्मेन : चांगल्या घरात म्हटलं मी. तुमचं हे लाकडी खांबांवरचं डळमळतं खोकं. पावसात फुगतं, जरा वाळलं की आकसतं. याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. दर गुरुवारी मी शाळेच्या टाइल्सच्या कामावर इकडे असतेच. येताना डोकावेन.

क्लेम : दर गुरुवारी? सिलिकॉन बघायला? जन्म खाणीत गेला माझा, पण डोकं वरच ठेवलं होतं गं.

कार्मेन : मग वापरा ते.

क्लेम : आणि शाळेचं काम संपल्यावर?

कार्मेन : शाळेचं काम संपलं म्हणून तुमचं घर हलायचं थांबेल का? आणि आत्ताच सांगून ठेवते, हाक मारल्यावर ओ आली नाही तर दार फोडून आत येईन.

क्लेम : फोडतेस कशाला? किल्ली पायपुसण्याखाली असते. गंजली असेल आता, पण आहे.