ताईंचे नियम 'सी'ला नकोत

मंडळी, विमलताईंच्या शोकसभेला एवढे सगळे आलात. समोर त्यांचा फोटो आहे. पण खरं सांगू? मी आज रडायला नाही, भांडायला उभा आहे! रागावलात तरी चालेल.

आमच्या कॉम्प्युटर विभागात ताई सगळ्यांत वरिष्ठ. मी आलो तेव्हा मला फोरट्रान या जुन्या कॉम्प्युटर-भाषेची सवय. तिथं प्रोग्रॅममधल्या आकड्यांना द्यायची नावं एकदम आखूड. इथं कोबॉलमध्येही मी तेच चालवलं. ताईंनी प्रोग्रॅम पाहिला अन् भडकल्याच. "हा एक्स कोन होय गा? पगार असन तं पगार लिही ना! कोबॉल ऐसपैस भाषा आहे, तिले ऐसपैस लिही." पूर्ण शब्द, सगळी कॅपिटल, म्हणजे मोठी अक्षरं, एका ओळीत एकच काम. हे ताईंचे नियम. आम्ही सगळ्यांनी पाळले.

आता नवं मशीन आलं, 'सी' भाषा आली. आणि आत्ताच आमचे वानखेडेभाऊ इथं म्हणाले, ताईंची आठवण म्हणून 'सी'लाही ताईंचेच नियम लावू. भाऊ, तुमची माया कळते हो. पण काहून? काहून लावायचे?

गेल्या महिन्यात मी गांधीबागेत ताईंच्या घरी गेलो. त्यांच्या अंगात ताप होता. 'सी'चं पुस्तक हातात दिलं, तर उठूनच बसल्या! "पाय गा, काय चटपटीत भाषा आहे! बारकी अक्षरं, आत सरकवलेल्या ओळी. मोठी अक्षरं फक्त कधीच न बदलणाऱ्या आकड्यांले. मजा आहे बाप्पा तुमची!" मी विचारलं, ताई, मग आपले नियम? त्या हसल्या. "ते कोबॉलचे होते. सलवारले काष्टा घालते का कोनी? हिले काय शोभते, ते हिलेच पाहून ठरवा."

भाऊ, जुने नियम ठेवले की ताई अजून केबिनमध्ये बसल्यात असं वाटेल, म्हणून ना? मलाही तेच वाटतं हो. रोज वाटतं. पण ताई तिथं बसून राहिल्याच नव्हत्या. आजारपणातही त्या आपल्यापुढं गेल्या होत्या!

म्हणून सांगतो, उद्या सकाळी सगळे या. 'सी' समोर ठेवू आणि कडाकडा भांडून तिचे नियम ठरवू.

आता उभे राहा मंडळी. हात जोडा.

ताई, उद्यापासून आम्ही तुमचे नियम मोडणार आहोत. नमस्कार घ्या.