श्यामलाताईंची बरणी

(लंडनजवळचं हॅरो, २००९. पुष्करचं स्वयंपाकघर. टेबलावर, भारतातल्या कुपोषित मुलांना पौष्टिक खाऊची पाकिटं पाठवणाऱ्या ट्रस्टच्या मीटिंगचा कॉन्फरन्स कॉल चालू, फोन म्यूटवर.)

ऋजुता : तुमच्या वरच्या लोकांना पोरं वाचवायचीच नाहीयेत. फोटो काढायचेत, पाकिटावरचा लोगो दिसेल असे.

पुष्कर : हळू! अन्वी बाहेर टीव्ही बघतेय. मेळघाटात दोन महिने नर्सिंग काय करून आलीस, आम्ही सगळे चोर झालो.

ऋजुता : चोर नाही, मठ्ठ. परदेशी पाकिटं मुंबईच्या बंदरात अडकलीत आणि मेळघाटातल्या श्यामलाताईंचं खाऊ बनवायचं स्वयंपाकघर तुम्ही बंद करून ठेवलंय. पोरांनी खायचं काय, तुमचे मिनिट्स? रडायचीही ताकद उरलेली नाही रे त्यांच्यात.

पुष्कर : पाकिटाला पाणी लागत नाही, ते खराब होत नाही. हे तूच सांगायचीस.

ऋजुता : अजून सांगते. पाकीट चांगलंच आहे, पोचलं तर! ताई तेच बनवतात. दाणे, तेल, साखर, दूध पावडर, व्हिटॅमिनं, सगळं मापात. नागपूरच्या लॅबचा रिपोर्ट आहे. तुला दाखवायला बरणी आणली, तू झाकणसुद्धा न उघडता बाहेर ठेवून दिलीस.

पुष्कर : चेअरमनना युरोपियन सर्टिफिकेट हवंय. दाण्यांत बुरशी निघाली, एखादं पोर गेलं, तर जबाबदार कोण?

ऋजुता : आणि उपाशी गेलं तर? तेव्हा कोणीच नाही, हो ना? ट्रस्टच्या फंडरेझरचे वडे तुमच्या मिलिंदने ईलिंगमधल्या त्याच्या गॅरेजमध्ये तळले होते. चेअरमननी हादडले. तेव्हा मागितलं सर्टिफिकेट?

पुष्कर : वड्यांचं वेगळं असतं, यार.

ऋजुता : का?

पुष्कर : हे बघ, ताईंचं स्वयंपाकघर उघडायचं का, यावर व्होटिंग सुरू झालंय. बरोबरीत आहे, माझंच मत राहिलंय. मी ॲबस्टेन करतो, मतच देत नाही. कटकट नको.

ऋजुता : वा रे शूर!

अन्वी : (टोस्ट खात आत येत) बाबा, ऋजुता मावशीचा बरणी मी उघडला. टोस्टवर लावला. इट्स सो यम! अजून घेऊ?

ऋजुता : अगं, ती श्यामलाताईंची...

पुष्कर : घे गं, राजा. दाणे नि साखरच तर आहे.

ऋजुता : काय म्हणालास?

पुष्कर : कुठे काय?

ऋजुता : तुझ्या पोरीला चालतं. मग तिथल्या पोरांना का चालत नाही? मला नको सांगूस. त्यांना विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नकोस.

पुष्कर : ऋजुता...

ऋजुता : म्यूट काढ.