भिंतीखालचं खोड

रोपवाटिकेच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा अचानक समोरासमोर आल्या. दोघींच्याही पिशवीत कुत्र्याच्या छत्र्या.

“वहिनी, तुम्ही इथे?”

“तुझ्या नवऱ्याची कृपा! रोज सकाळी ह्या छत्र्या मधल्या भिंतीवरून आमच्या अंगणात फेकतो.”

“आणि तुमच्याकडून काय फुलं येतात? भाऊजी त्याच परत भिरकावतात. माझं लिंबाचं झाड वाळलं.”

“आमचा पेरूही गेला. तुमच्याकडच्या बुरशीमुळे.”

“तुमच्याकडच्या!”

“ताई, बुरशी एकच आहे,” दुकानदार म्हणाला. “वर दिसतात त्या नुसत्या छत्र्या. खरी ती जमिनीखाली पसरते. अशी एकच बुरशी एका जंगलाखाली मैलोन्‌मैल पसरलीय. जगातला सगळ्यात मोठा जीव म्हणतात तिला.”

“जंगलाचं राहू द्या हो. औषध द्या.”

“औषध नाही. जवळपास जुनं खोड आहे का? त्यावरच ती पोसते.”

“मामंजींचं झाड होतं. वाटणीत कापलं.”

“आणि खोड?”

“त्याच्यावरच भिंत बांधलीय!”

“आधी खोड काढा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. ऐकतील तर शपथ!”

“मी काय कमी ओरडले? दोघांना भिंतीची घाई.”

“आता सांगणार कोण? एकमेकांचं तोंड बघत नाहीत.”

“ताई, भिंत पाडल्याशिवाय खोड निघायचं नाही.”

“कळलं हो! बहिरे आमचे नवरे आहेत, आम्ही नाही. पहारी ठेवता का?”

“ठेवतो. किती देऊ?”

“दोन.”